ओठ उचलून बघा: कुत्र्या-मांजरांच्या दातांची रोजची निगा आणि त्यात व्हेट नर्सचा हात

"पण तो जेवतो की नीट!" दवाखान्यात हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय तितकं दुसरं कुठलंच ऐकलेलं नाही. कुत्रं लसीसाठी आलेलं असतं. वजन करता करता मी त्याचा वरचा ओठ अंगठ्याने हळूच मागे सरकवते. मागच्या मोठ्या दाढेवर तपकिरी किटणाचा जाड थर असतो आणि हिरडीच्या कडेला लालभडक रेघ. मी मालकांना बोलावून दाखवते. ते आधी चकित होतात, मग जरा दुखावतात, आणि मग हे वाक्य येतं. त्यांचं काही चुकत नाही. दात ठणकायला लागला की आपण जेवण टाळतो, तेव्हा प्राणीही टाळेल असं वाटणं साहजिक आहे. पण प्राणी दुखणं अंगावर काढतो. भूक लागली की तो दुखऱ्या दाढेनिशी जेवतो, फार तर दुसऱ्या बाजूने चावतो किंवा न चावताच गिळतो. भांडं रिकामं झालेलं दिसतं, म्हणून घरच्यांना शंकाही येत नाही.

व्हेट नर्स म्हणून माझे कितीतरी दिवस भूल दिलेल्या प्राण्यांच्या उघड्या तोंडापाशी गेले आहेत. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आम्ही तास-दोन तास खपून दात लख्ख करून दिले आणि घरी पुढे काहीच झालं नाही, तर तेच तोंड काही महिन्यांत पुन्हा तसंच होऊन समोर येतं. ज्या घरात रोज एक-दोन मिनिटं ब्रश फिरतो, तिथला प्राणी म्हातारपणी स्वतःच्या दातांनी खात असतो. ते एक-दोन मिनिटांचं काम कसं बसवायचं, आणि दवाखान्यात जावं लागलंच तर आत काय काय होतं, हे इथे सांगते.

किटण धरतं कसं

स्वच्छ दातावरही लाळेचा एक अतिशय पातळ पापुद्रा सतत बसत असतो. त्यावर जंतू येऊन चिकटतात आणि मऊ, बुळबुळीत थर तयार होतो. याला प्लाक म्हणतात. घासल्यानंतर काही तासांतच तो पुन्हा धरायला लागतो, पण मऊ असतो तोवर ब्रशने सहज निघतो. तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि दोन-तीन दिवसांत तो कडक होऊ लागतो. तेच किटण. एकदा किटण झालं की कितीही घासा, ब्रशला ते दाद देत नाही. रविवारी एकदा दहा मिनिटं घासण्यापेक्षा रोज एक मिनिट का बरं, याचं कारण हेच दोन-तीन दिवस आहेत.

डोळ्यांना किटण दिसतं, पण खरं नुकसान हिरडीखाली गेलेला प्लाक करतो. खडबडीत किटणावर नवा प्लाक पटकन बसतो आणि हिरडी व दाताच्या फटीत उतरतो. हिरडी लाल होते, सुजते, हात लागला की रक्त येतं. इथपर्यंतची अवस्था नीट सफाई आणि रोजच्या ब्रशने पूर्ण बरी होते. त्यापुढे जंतू आणि त्यांच्याशी लढणारं शरीर मिळून दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचं हाड खातात, हिरडी सुटते, दात हलतो. गेलेलं हाड परत येत नाही. म्हणून लाल रेघ दिसली त्याच दिवशी हालचाल करायची.

लहान जातीच्या आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना हा त्रास लवकर गाठतो, कारण छोट्या जबड्यात दातांची दाटी असते आणि फटीत मळ अडकून राहतो.

आधी नुसतं बघायला शिका

ब्रश आणण्याआधी दोन आठवडे फक्त बघण्याची सवय लावा. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात, मोठ्या मांजरीला 30. पिल्लांचे दुधाचे दात अनुक्रमे 28 आणि 26. हे पाठ करायची गरज नाही, पण दोन्ही बाजू सारख्या दिसतात का, एखादी जागा रिकामी आहे का, एवढं कळायला उपयोग होतो.

प्राण्याच्या समोर उभं राहून त्याच्यावर वाकू नका. त्याच्या शेजारी, तो बघतोय त्याच दिशेला तोंड करून बसा. एक हात हनुवटीखाली. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ मागे आणि वर सरकवा. तोंड उघडायचं नाही, जबडा मिटलेलाच असू द्या. आधी सुळा दिसेल, तिथून मागे गेलात की वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ. तिथे नजर स्थिर करा. लाळेच्या मोठ्या ग्रंथीची नळी गालाच्या आतून नेमकी त्याच दाढेसमोर उघडते, त्यामुळे किटण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तिथे साठतं. पुढचे दात मोत्यासारखे आणि ही दाढ तपकिरी, हे मी रोज बघते.

निरोगी हिरडीचा रंग फिका गुलाबी असतो, कड धारदार आणि दाताला घट्ट बसलेली. काही प्राण्यांच्या हिरड्यांवर जन्मजात काळे डाग असतात, त्याची काळजी नको. मग वास घ्या. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं बरेच जण धरून चालतात. निरोगी तोंडाला सडका वास येत नाही. वास येतोय म्हणजे कुठेतरी जंतू माजलेत.

पिल्लाच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट बघायची. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात आणि सातव्या महिन्यापर्यंत पक्के दात आलेले असतात. पडलेले दात बहुतेक वेळा पिल्लू गिळून टाकतं, त्याने काही बिघडत नाही. पण नवा सुळा आला आणि जुना शेजारी तसाच उभा असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. एका जागी एकाच जातीचे दोन दात राहिले की नवा दात वाकडा सरकतो आणि मधल्या फटीत घाण साठते. छोट्या जातींत हे हमखास होतं.

ब्रशची सवय: घाई केलीत की सगळं हातचं जातं

एक अट आधी. तोंड आधीच दुखतंय, हिरडीतून रक्त येतंय, दात हलतोय अशी शंका असेल तर ब्रश सुरूच करू नका. आधी तपासणी आणि उपचार. दुखऱ्या तोंडात ब्रश घातला की "ब्रश म्हणजे दुखणं" हे प्राण्याच्या डोक्यात पक्कं बसतं आणि ते पुसायला महिने जातात. दात येत असलेल्या पिल्लाच्या हिरड्याही हुळहुळ्या असतात. त्याला फक्त हाताची ओळख करून द्या, रगडू नका.

पहिला आठवडा हाताचा. रोज ठरलेल्या वेळी, फिरायला निघण्याआधी किंवा त्याच्या आवडत्या खेळाआधी, ओठाला हात लावा, ओठ उचला, शाबासकी द्या, संपलं. पाच-दहा सेकंद पुरेत. तो मान फिरवायच्या आत आपण थांबायचं. त्याने मान फिरवली म्हणून आपण थांबलो, असं झालं की मान फिरवायचं शिक्षण आपणच दिल्यासारखं होतं.

दुसरा आठवडा पेस्टचा. प्राण्यांसाठीची पेस्ट बोटावर थोडीशी घ्या आणि चाटू द्या. एक-दोन दिवस नुसतं चाटणंच. मग बोटाला ओलसर मऊ कापड किंवा गॉज गुंडाळा, त्यावर पेस्ट लावा आणि सुळ्यावरून एकदा फिरवा. उद्या दोन्ही सुळे. परवा थोडं मागे.

तिसऱ्या आठवड्यात ब्रश. केस मऊ हवेत आणि डोकं लहान. प्राण्यांसाठीचे ब्रश मिळतात, लहान मुलांचा मऊ ब्रशही चालतो, मांजरीला त्याहून छोटा लागतो. घरात दोन प्राणी असतील तर ब्रश दोन. पहिल्या दिवशी ब्रशवरची पेस्ट फक्त चाटू द्या. पेस्ट केसांच्या आत दाबून बसवा, नुसती वर ठेवलीत तर एका चाटण्यात गायब होते.

आता हात कसा चालवायचा ते. डाव्या हाताने नाकाड वरून हलकेच धरा, त्याच हाताच्या अंगठ्याने ओठ उचला. जबडा मिटलेला. ब्रश दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर, हिरडीकडे तिरपा, साधारण 45 अंशांत टेकवा. छोटे छोटे गोल काढा. जोर इतकाच की केस किंचित वाकावेत. सुळ्यापासून सुरुवात करा, तिथे प्राणी जास्त सहन करतो. मग गालाच्या आतून मागे सरका, त्या मोठ्या दाढेवर थोडा जास्त वेळ थांबा, आणि समोरचे पटाशीचे दात अगदी शेवटी घ्या. नाकाखालचा तो भाग फार नाजूक असतो आणि तिथे ब्रश लागला की बरेच प्राणी शिंकतात किंवा मागे सरतात.

दातांची जिभेकडची बाजू? ती सोडलीत तरी चालेल. जीभ तिथे बऱ्यापैकी काम करते, आणि तोंड उघडायच्या झटापटीत सगळी सवय मोडते. बाहेरची बाजू रोज, हे पुरेसं आहे. एका बाजूला अर्धा मिनिट, दुसऱ्या बाजूला अर्धा. शेवटी चूळ भरायची गरज नाही, म्हणूनच गिळली तरी चालेल अशी पेस्ट वापरायची.

रोज जमलं तर सगळ्यात चांगलं. काही दिवस हुकलेच तर आठवड्यातून तीनदा तरी, त्याहून कमी घासण्यात फारसा अर्थ राहत नाही.

कुत्रं ब्रश चावतंय, तर तो हलवू नका. ब्रश स्थिर धरा, त्याला चावण्याचा कंटाळा येईल, मग हळूच बाहेर. गुरगुरलं तर त्या दिवशी तिथेच थांबा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली उतरा. धरून, दाबून, दोघांनी मिळून ब्रश करणं मला मुळीच मान्य नाही. एखाद्या दिवशी जिंकाल, पण पुढे ब्रश दिसला की तो पलंगाखाली.

मांजरीची गोष्ट वेगळी

मांजर पाच सेकंद देते, पाचच घ्या. तिला मांडीवर किंवा ओट्यावर तुमच्याकडे पाठ करून बसवा. मागून हात नेऊन डोक्याच्या वरून गालाची हाडं अंगठा आणि बोटाने धरा, ओठ आपोआप मागे ताणला जातो. एक बाजू आज, दुसरी उद्या, असं केलंत तरी मी तुमचं कौतुक करेन. ब्रश नकोच म्हणाली तर कानात घालायची कापसाची काडी पेस्टमध्ये बुडवून हिरडीच्या रेषेवरून फिरवा.

मांजरींमध्ये एक खास दुखणं असतं, दात विरघळण्याचं. शरीरातल्याच पेशी दात आतून-बाहेरून खायला लागतात. बाहेरून एवढंच दिसतं की एखाद्या दातावर, अगदी मुळाशी, हिरडी वर चढून आल्यासारखा लाल ठिपका आहे. एक मांजरी नखं कापायला आली होती. खालच्या दाढेवर असा ठिपका दिसला म्हणून मी ओलसर कापसाने त्याला जरा स्पर्श केला. तिचा खालचा जबडा कडकड थरथरला, आवाज यावा इतका. भूल चढलेली असतानाही अशा दाताला नुसता हात लागला की जबडा असाच उडतो, इतकं ते दुखरं असतं. घरी ती जेवत होती, खेळत होती, मालकीणबाईंच्या मते फक्त "हल्ली जरा चिडकी" झाली होती. तिचे दोन दात काढले. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, चिडकेपणा वयाचा नव्हताच. असा ठिपका ब्रशने जात नाही. दिसला की थेट डॉक्टर.

मागच्या हिरड्या, गालाची आतली बाजू, घशाचा सुरुवातीचा भाग लालबुंद होऊन सुजलेला असेल, मांजर भांड्यापाशी जाऊन ओरडून मागे पळत असेल, तर तेही असंच तातडीचं.

काय लावायचं, काय मुळीच नाही

आपली टूथपेस्ट प्राण्यांना लावू नका. तिच्यात फ्लोराइड आणि फेस आणणारी द्रव्यं असतात आणि प्राणी थुंकत नाही, सगळं पोटात जातं. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो कुत्र्याला विष आहे. थोड्या प्रमाणातही रक्तातली साखर झपाट्याने खाली येते, यकृत निकामी होऊ शकतं. खाण्याचा सोडा, मीठ, टी ट्री तेल यांचे घरगुती प्रयोग करू नका. नखाने किंवा टोकदार वस्तूने किटण खरवडून काढण्याचा मोह तर टाळाच. तुकडा निघतो, समाधानही वाटतं, पण दातावर ओरखडे पडतात आणि हिरडीखालचं जिथल्या तिथे राहतं.

डॉक्टरांनी सांगितलं तर क्लोरहेक्झिडिनचं द्रावण किंवा जेल लावतात. ते प्लाकचे जंतू कमी करतं. पाण्यात घालायची द्रव्यं, दातांसाठीचं खास खाद्य, चघळायच्या कांड्या या सगळ्यांची मदत होते, पण ब्रशची जागा ती घेत नाहीत. घेताना पाकिटावर व्हीओएचसीची खूण आहे का बघा. ही पशुदंत आरोग्य परिषद 1997 पासून काम करते आणि प्लाक किंवा किटण खरोखर कमी होतं हे चाचण्यांतून दाखवलेल्या उत्पादनांनाच खूण देते.

चघळायला काय द्यावं याची परीक्षा सोपी आहे. वस्तूत अंगठ्याचं नख दाबा, खूण उमटली पाहिजे. ती वस्तू आपल्या गुडघ्यावर आपटायला भीती वाटत असेल तर ती दातांसाठीही जास्त कडक आहे. हाडं, शिंगं, खुरं, बर्फाचे खडे, दगड यांनी तीच वरची मोठी दाढ कडेने फुटते, एक चकती निघाल्यासारखी. आतली नस उघडी पडते आणि पुढे मुळाशी पू होतो. टेनिसच्या चेंडूवरची लव वाळू-धुळीने भरली की घासकागदासारखी चालते. चेंडू फेकून आणायला द्या, तासन् तास चावायला नको.

कधी निघायचं

तोंडाचा वास वाढलाय, लाळ गळतेय, लाळेत रक्त आहे, घास तोंडातून पडतोय, एकाच बाजूने चावतोय, पंजाने तोंड चोळतोय, कडक खाऊ सोडून मऊच मागतोय, डोक्याला हात लावू देत नाही. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या लसीची वाट बघू नका. डोळ्याखाली अचानक सूज आली तर ती पुष्कळदा डोळ्याची नसून त्या वरच्या दाढेच्या मुळाची असते. एका नाकपुडीतून सतत स्राव आणि शिंका येत असतील तर वरच्या सुळ्याचं मूळ आणि नाक यांच्यामधलं हाड झिजून भोक पडल्याची शक्यता असते. तुटलेला दात दुखत नसल्यासारखा दिसला तरी दाखवायचाच.

दवाखान्यात कोण काय करतं

निदान, औषध लिहून देणं, शस्त्रक्रिया ही कामं डॉक्टरांची. त्यांच्या देखरेखीखाली प्राण्याची तयारी, भुलेवरचं लक्ष, एक्स-रे, सफाई, नोंदी, शुद्धीवर आणणं आणि घरच्यांना शिकवणं, यातला मोठा वाटा व्हेट नर्सचा. नर्सने नेमकं कुठवर जायचं याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये या कामाचं रीतसर प्रशिक्षण 1961 मध्ये सुरू झालं, तेव्हा "नर्स" हा शब्दही वापरता येत नव्हता, सहायक म्हणत. व्हेटरनरी नर्स हे नाव 1984 मध्ये मिळालं. तिथे नर्स डॉक्टरांच्या सांगण्यावरून किटण काढते आणि दात पॉलिश करते, पण हत्यारं वापरून दात उपटणं हे डॉक्टरांचंच काम आहे.

सकाळी प्राण्याला आत घेताना नर्स बरेच प्रश्न विचारते. शेवटचं खाणं किती वाजता, कुठली औषधं चालू आहेत, आधी भुलीचा त्रास झाला होता का, खोकला, चक्कर, जास्त पाणी पिणं. "एकच बिस्कीट दिलं" हेही सांगा, लपवू नका. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. तुमचा फोन दिवसभर लागेल असा हवा. कुठले दात काढावे लागतील हे पुष्कळदा भूल दिल्यावर आणि एक्स-रे काढल्यावरच कळतं, आणि तेव्हा तुमचा होकार लागतो.

मग नाडी, श्वास, ताप, गरजेप्रमाणे रक्ततपासणी. पायावरचे थोडे केस काढून शिरेत सुई बसवतो. भूल दिल्यावर श्वासनलिकेत फुगा असलेली नळी घालतो. हिचं दातांच्या कामात फार महत्त्व आहे, कारण सफाईच्या यंत्रातून सतत पाण्याचा फवारा उडत असतो आणि जंतूंनी भरलेलं ते पाणी फुप्फुसात जाऊ द्यायचं नसतं. घशात गॉजही ठेवतो, आणि ठेवलेला प्रत्येक तुकडा मोजून लिहितो, म्हणजे तो बाहेर आल्याची खात्री पटते. डोळ्यांत मलम, डोकं किंचित उतरतं. त्याच पाण्यामुळे छोटा प्राणी फार पटकन गार पडतो, म्हणून खालून ऊब, वरून पांघरूण. मांजरीचं तोंड स्प्रिंगच्या आकड्याने ताणून ठेवत नाही. तोंड फार उघडलं की मेंदू आणि डोळ्यांकडे जाणारी रक्तवाहिनी दबते, आणि शुद्धीवर आलेली मांजर आंधळी झाल्याचे प्रकार घडलेले आहेत.

भुलेवर लक्ष ठेवणाऱ्या नर्सने दुसरं काही करायचं नसतं, हे माझं ठाम मत आहे. यंत्र ऑक्सिजन, रक्तदाब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवतं, पण हिरडीचा रंग, जबड्याची ढिलाई, हाताला लागणारी नाडी ही हातानेच बघावी लागते. दर पाच मिनिटांनी सगळं कागदावर.

तपासणी सुरू झाली की खोलीत आकडे ऐकू येतात. "एकशे चार, तीन. एकशे आठ, सहा, मूळ उघडं." प्रत्येक दाताला तीन अंकी नंबर असतो. पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश सांगतो, वरचा उजवा म्हणजे एक, आणि पुढचे दोन दात कुठला ते. सुळा नेहमी चार, पहिली खरी दाढ नेहमी नऊ. म्हणजे एकशे आठ ही तिच्या लगेच पुढची, वर उजवीकडची तीच मोठी दाढ. मागून येणारा आकडा हिरडीच्या फटीची खोली, मिलीमीटरमध्ये. कुत्र्यात तीनपर्यंत चालते, मांजरीत एकच. डॉक्टर सांगतात, मी लिहिते. तो तक्ता नंतर मागून घ्या, पुढच्या वर्षी तुलना करायला तोच लागतो.

एक्स-रे टाळू नका असं मी सगळ्यांना सांगते. दाताचा निम्म्याहून जास्त भाग हिरडीखाली असतो. वरून शुभ्र दिसणाऱ्या दाताखालचं हाड गेलेलं आम्ही कितीदा बघितलंय.

सफाईचं यंत्र एका दातावर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सलग धरत नाही, नाहीतर उष्णतेने आतली नस दुखावते. हिरडीखालची सफाई हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग. नंतर पॉलिश, कारण किटण काढताना दातावर बारीक ओरखडे राहतात आणि ते तसेच सोडले तर प्लाक आणखी लवकर धरतो.

"भूल न देता दात साफ करून देतो" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. जागा प्राणी हिरडीखाली हत्यार घालू देत नाही, देऊही नये. वरचं किटण निघतं, दात चमकतात, रोग आत तसाच वाढतो आणि मालक निर्धास्त होतात. पशुवैद्यांची जागतिक संघटना डब्ल्यूएसएव्हीए हिचा याला स्पष्ट विरोध आहे. भुलीची भीती वाटत असेल तर ती आम्हाला बोलून दाखवा. म्हातारं वय एकट्याने अडचण ठरत नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर त्याप्रमाणे औषधं आणि तयारी बदलतात.

घरी आल्यावर

पहिली रात्र तो सुस्त असेल, थोडी गुलाबी लाळ येईल. ऊबदार जागा, थोडं मऊ खाणं. दात काढले असतील तर दहा ते चौदा दिवस मऊच, चघळायच्या वस्तू आणि ओढाओढीचे खेळ बंद. टाके आपोआप विरघळतात, ते बघायला रोज तोंड उघडू नका. दिलेलं वेदनाशामक वेळेवर द्या, जेवतोय म्हणून बंद करू नका. आपल्या घरातलं वेदनाशामक कधीही नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते. लाल रक्त वाहत राहिलं, चेहरा सुजला, दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड लावलं नाही, तर लगेच फोन करा.

सशांबद्दल थोडक्यात, कारण त्यांना ब्रश नसतो. त्यांचे दात आयुष्यभर वाढतात, समोरचे आठवड्याला दोन-तीन मिलीमीटर, आणि ते झिजतात सुकं गवत तासन् तास चावून. गवत भरपूर, दाणे थोडे. समोरचे दात वाढलेले दिसले तर नखं कापायच्या कात्रीने छाटू नका, दात उभा चिरतो. मागच्या दाढा घरी दिसतच नाहीत. हनुवटी ओली, लेंड्या बारीक किंवा कमी झाल्या, तर तिथेच संशय घ्या. अर्धा दिवस काही न खाल्लेला ससा ही तातडीची वेळ आहे, रात्र असली तरी. आणि भुलीआधी सशाला उपाशी ठेवत नाहीत.

साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला बोलावतात. ही भेट बरेचदा नर्सकडेच असते आणि लोक ती हमखास चुकवतात. जखमा भरल्या का ते बघतो आणि ब्रश पुन्हा कधी, कुठल्या बाजूने सुरू करायचा ते ठरवतो. मग दातांवर एक रंग लावतो. प्लाक राहिला असेल तिथे रंग धरतो आणि तुमचा हात कुठे पोहोचत नाही ते लगेच दिसतं, बहुतेक वेळा वरच्या दाढेच्या मागच्या कोपऱ्यात. त्या दिवशी येताना घरातलाच ब्रश आणि पेस्ट घेऊन या. तुम्ही नेहमीसारखं बसा, नेहमीसारखा ब्रश करा, मी शेजारी बसून तुमचा हात बघते.